टार्टनच्या नावांचा माग : प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

स्कॉटलंडच्या टार्टन या रंगीत चौकडीच्या लोकरी कापडाच्या जुन्या नमुन्यांचा उगम आणि त्यांना मिळालेली नावे यांची कालानुक्रमे नोंद करण्याचे काम आजपासून सुरू केले. दुकानांतील पाट्यांवर आणि पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत या कापडाची एक ठरलेली कथा असते. प्रत्येक कुळाचे स्वतःचे एक टार्टन असे, ते अनादी काळापासून चालत आले आहे आणि रणांगणावर माणसाचे कूळ त्याच्या कापडावरून ओळखले जाई, असे त्या कथेत सांगितलेले असते. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात. टार्टन विकणाऱ्यांना हा सल्ला फार सोयीचा आहे. या प्रकल्पात मात्र मूळ आणि कूळ दोन्ही शोधायची आहेत.

प्रत्येक नमुन्याचे एक कार्ड करायचे आणि त्यावर तीन तारखांचे तीन स्वतंत्र स्तंभ ठेवायचे असे ठरवले. पहिल्या स्तंभात त्या नमुन्याच्या प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या कापडाचे वय, दुसऱ्यात त्याच्या धाग्यांची मोजणी प्रथम कधी लिहिली गेली ते वर्ष आणि तिसऱ्यात आजचे नाव त्याला जोडलेले प्रथम कधी आढळते ते वर्ष. बहुतेक वाद या तीन तारखा एकमेकींत मिसळल्यामुळे झालेले आहेत: कापड जुने म्हणून नाव जुने, किंवा नाव जुन्या कुळाचे म्हणून कापड जुने, असे गृहीत धरले जाते.

13 जानेवारी

नावांकडे वळण्यापूर्वी रचना हाताने करून पाहणे आवश्यक वाटले, म्हणून छोट्या चौकटी मागावर लाल, हिरव्या आणि निळ्या लोकरीचा एक तुकडा विणला. टार्टनचा नमुना लिहायचा म्हणजे ताण्यातील पट्ट्यांचे रंग आणि प्रत्येक पट्ट्यातील धाग्यांची संख्या ओळीने लिहायची. शेवटच्या पट्ट्यापाशी पोहोचल्यावर तेथून माघारी वळून तोच क्रम उलटा घ्यायचा, पहिल्या पट्ट्यापाशी पुन्हा वळायचे, आणि हे कापडाच्या पूर्ण पन्ह्यात चालू ठेवायचे. बाण्यातही बहुधा हाच क्रम, त्याच संख्येने. या एका आवर्तनाला जाणकार ‘सेट’ म्हणतात. म्हणजे एवढे भरगच्च दिसणारे कापड कागदाच्या चिठोऱ्यावरच्या एका ओळीत मावते.

वीण ट्विलची असते: बाण्याचा धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो व पुढच्या ओळीत एक धागा सरकतो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. लाल ताण्यावर लाल बाणा आला की चौकोन निव्वळ लाल दिसतो. लाल ताण्यावर हिरवा बाणा आला की डोळ्याजवळ लाल आणि हिरव्या तिरप्या दाण्यांची रांग दिसते, पण तोच तुकडा हातभर दूर धरला की तेथे तपकिरीकडे झुकणारा तिसराच रंग दिसू लागतो. तीन रंगांच्या धाग्यांतून अशा प्रकारे सहा छटा तयार होतात. सहा रंग घेतले तर सहा शुद्ध आणि पंधरा मिश्र अशा एकवीस.

ही गोष्ट पुढच्या कामासाठी महत्त्वाची आहे. चित्रकार कापड दुरून पाहतो आणि मिश्र छटेला एक स्वतंत्र रंग समजून रंगवतो. जुन्या तैलचित्रांतून टार्टन होते की नव्हते, ते लाल होते की हिरवे, एका माणसाच्या अंगावर एकच होते की अनेक, एवढे समजते. धागे त्यातून मोजता येत नाहीत. त्यामुळे चित्र हा पुरावा दुसऱ्या स्तंभात कधीही घ्यायचा नाही.

20 जानेवारी

पहिला स्तंभ भरण्यास प्रारंभ. फॉलकर्क येथे 1930 च्या दशकात जवळजवळ 2,000 रोमन चांदीच्या नाण्यांनी भरलेले मातीचे भांडे सापडले. त्याच्या तोंडात कोंबलेला लोकरी कापडाचा तुकडा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानला जातो. त्यात फिक्या आणि गडद, न रंगवलेल्या नैसर्गिक लोकरीची साधी चौकडी आहे. ‘फॉलकर्क टार्टन’ या नावाने तो प्रसिद्ध आहे, पण असे दोन रंगांचे चौकडी कापड युरोपात इतरत्रही विणले जात होते आणि त्याचा हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशाच्या, कुळांशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही. कार्ड केले, परंतु त्यावर ‘पूर्वज’ हा शब्द लिहिला नाही.

दुसरे कार्ड अधिक मोलाचे आहे. ग्लेन ॲफ्रिक या खोऱ्यातील पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस सापडलेला, सुमारे 55 सेंटिमीटर लांब आणि 43 सेंटिमीटर रुंद असा तुकडा स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीने तपासून घेतला. पीटमध्ये प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे लोकर टिकली. त्यावर हिरवा, तपकिरी आणि त्यांबरोबर लाल व पिवळा अशा छटा ओळखता येतात. रंगांच्या तपासणीत हिरव्यामध्ये नीळ किंवा वोड या वनस्पतीचा अंश मिळाला आणि कृत्रिम किंवा अर्धकृत्रिम रंग एकही आढळला नाही. म्हणजे 1750 च्या दशकाच्या आधीचे कापड हे त्यावरूनच निश्चित झाले. पुढे किरणोत्सारी कार्बनच्या चाचणीने ते 1500 ते 1655 या काळातील, त्यातही बहुधा 1500 ते 1600 मधील ठरले. 2023 मध्ये ते डंडी येथील व्ही अँड ए संग्रहालयात प्रथम लोकांसमोर आले आणि आज ज्याला निःशंकपणे टार्टन म्हणता येईल असे ते सर्वांत जुने ज्ञात कापड आहे.

या तुकड्याचे नाव ‘ग्लेन ॲफ्रिक टार्टन’. जेथे सापडला ती जागा एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. विणणाऱ्याने त्याला काय म्हटले असेल, किंवा काही म्हटले तरी असेल का, याचा त्यात मागमूस नाही. पहिल्या स्तंभात सोळावे शतक आणि तिसऱ्या स्तंभात एकविसावे, असे हे कार्ड प्रकल्पाच्या अगदी प्रारंभीच हाती आले हे बरे झाले.

27 जानेवारी

लेखी उल्लेख. राजा पाचवा जेम्स याच्या खजिनदाराच्या 1538 च्या हिशेबात राजाच्या पायमोज्यांसाठी तीन एल ‘हायलँड टार्टन’ घेतल्याची नोंद आहे. स्कॉटिश एल सुमारे 37 इंचांचा, म्हणजे कापड पावणेतीन मीटरच्या आसपास. रंगांचा किंवा कुळाचा उल्लेख नाही.

मार्टिन मार्टिन हा स्काय बेटावरील गेलिकभाषक लेखक. पश्चिमेकडील बेटांविषयीचे त्याचे वर्णन 1703 मध्ये छापले गेले. त्यात तो लिहितो की तेथील स्त्रिया नमुना अचूक यावा म्हणून फार कष्ट घेतात आणि पट्ट्यातील प्रत्येक धाग्याची संख्या लाकडाच्या तुकड्यावर नोंदवून ठेवतात. तसेच बेटाबेटागणिक प्लेड, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे लांब कापड, वेगळे असते, त्यामुळे ते पाहून माणूस कोठला राहणारा हे ओळखता येते. हा उतारा कुळांच्या टार्टनचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. वास्तविक त्यात राहण्याचे ठिकाण आहे, कूळ नाही. एका बेटावर ठरावीक विणकर, ठरावीक मेंढ्या आणि आसपास मिळणाऱ्या रंगाच्या वनस्पती असतील, तर तेथील कापडाला एक तोंडवळा येणारच. दगडफुलापासून मिळणारे तपकिरी आणि जांभळट रंग जेथे स्वस्त, तेथे तेच अधिक दिसणार. बाहेरून येणारी नीळ आणि कोचिनिअल या किड्यापासून मिळणारा भडक लाल रंग पैसेवाल्यांच्या अंगावर दिसणार.

3 फेब्रुवारी

कुळाच्या टार्टनच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम जुना पुरावा ग्रँट घराण्याचा आहे. 1704 मध्ये ग्रँटच्या जहागीरदाराने आपल्या माणसांना लाल आणि हिरव्या रुंद पट्ट्यांचे टार्टन घालून हजर होण्याची आज्ञा काढली होती. गणवेशाची कल्पना त्यात स्पष्ट आहे. पण रिचर्ड वेट या चित्रकाराने पुढच्या दशकात याच घराण्यातील माणसांची चित्रे काढली. 1714 ची जहागीरदाराच्या पाइपवादकाची आणि पैलवानाची चित्रे त्यांतील प्रसिद्ध. या चित्रमालिकेतील टार्टन एकमेकांशी जुळत नाहीत आणि आजच्या ग्रँट टार्टनशीही जुळत नाहीत. आज्ञा देणाऱ्याच्या घरातच ती कितपत पाळली गेली हे यावरून दिसते.

गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचे समर्थक आणि सरकारी सैन्य यांच्यात कलोडनची लढाई 16 एप्रिल 1746 रोजी झाली. डेव्हिड मोरिए याने रंगवलेले लढाईचे चित्र इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. त्यातील आठ हायलँडरांच्या अंगावर मिळून वीसहून अधिक वेगवेगळी टार्टन आहेत. एकाच माणसाचा कोट एका नमुन्याचा, कमरेचे प्लेड दुसऱ्या आणि मोजे तिसऱ्या. स्टुअर्टपक्षाचा सैनिक ओळखायचा तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून, सरकारपक्षाचा काळ्या फितीवरून. दोन्ही बाजूंना टार्टन घातलेली माणसे होती, तेव्हा कापडावर विसंबणे जिवावर बेतले असते.

10 फेब्रुवारी

बंदीचा कायदा. कलोडननंतर संमत झालेल्या कायद्यातील पोशाखविषयक कलम 1 ऑगस्ट 1747 पासून लागू झाले. ‘टार्टनवर बंदी आली’ असे सरसकट लिहिले जाते ते बरोबर नाही. बंदी पुरुष आणि मुलग्यांच्या हायलँड पोशाखावर, म्हणजे प्लेड, किल्ट, विशिष्ट तंग विजार आणि खांद्यावरचे पट्टे यांवर होती; टार्टनचा मोठा कोटही निषिद्ध होता. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी अशी शिक्षा होती. स्त्रियांना हा कायदा लागू नव्हता आणि राजाच्या सैन्यातील अधिकारी व शिपायांना त्यातून सूट होती. 1782 मध्ये तो रद्द झाला.

या 35 वर्षांत घरगुती विणकामाची साखळी विस्कटली आणि लाकडी पट्ट्यांवरचे धाग्यांचे हिशेब पिढी बदलताना गेले, हे समजण्यासारखे आहे. परंतु नावांच्या दृष्टीने बंदीपेक्षा सूट अधिक परिणामकारक ठरली. टार्टन अंगावर घालून उजळ माथ्याने फिरण्याची मुभा ज्या पुरुषांना होती ते सैनिक होते, आणि सैन्याला एकसारखे कापड हजारो वार लागते.

17 फेब्रुवारी

सैनिकी नमुन्यांची कार्डे. हायलँडमध्ये बंदोबस्तासाठी 1725 मध्ये उभारलेल्या स्वतंत्र तुकड्यांतून 1739 मध्ये पलटण झाली. तीच पुढे ब्लॅक वॉच. तिचे गडद निळे, काळे आणि हिरवे टार्टन ‘सरकारी टार्टन’ म्हणून ओळखले जाते. नंतरच्या अनेक पलटणींनी याच कापडावर एकदोन बारीक रंगीत रेघा टाकून आपले वेगळेपण साधले.

याचे सर्वांत उघड उदाहरण गॉर्डनचे. 1793 मध्ये हंटली येथील विल्यम फोर्साइथ या कापड उत्पादकाने ड्यूक ऑफ गॉर्डनला सरकारी टार्टनवर पिवळ्या रेघा घातलेले तीन नमुने पाठवले: एकात एक रेघ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. ड्यूकने एका रेघेचा नमुना निवडला आणि पुढच्या वर्षी उभ्या राहिलेल्या गॉर्डन हायलँडर्सनीही तोच घेतला. आजचे गॉर्डन टार्टन हेच. या कार्डावर निर्माता, गिऱ्हाईक, वर्ष आणि नाकारलेले पर्याय अशी सगळी माहिती बसते, आणि तरीही ‘गॉर्डन कुळाचे प्राचीन टार्टन’ असे शब्द दुकानाच्या पाटीवर येतातच.

मॅकेंझी टार्टन म्हणजे सरकारी टार्टनवर पांढरी आणि लाल रेघ. मॅकेंझी घराण्यातील सरदारांनी 1778 मध्ये आणि पुन्हा 1793 मध्ये उभारलेल्या पलटणींमुळे ते रूढ झाले. यांपैकी 1793 ची 78 वी पलटण महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाच्या एका मैदानावर आली होती: 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांविरुद्ध ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या सैन्यात 74 वी आणि 78 वी या दोन हायलँड पलटणी लढल्या. पुढे 1881 मध्ये 72 वी आणि 78 वी एकत्र करून सीफोर्थ हायलँडर्स झाली आणि मॅकेंझीचे टार्टन तिच्याकडे राहिले.

सरकारी टार्टनच्या स्वतःच्या कार्डावर तिसरा स्तंभ अपुरा पडला. हाच नमुना, क्वचित रंग जरा उजळ करून, कॅम्पबेल, ग्रँटांचे शिकारी टार्टन आणि सदरलँड या नावांनीही वापरला जातो. नावांसाठी मागची बाजू वापरावी लागली.

24 फेब्रुवारी

विल्सन. स्टर्लिंगजवळच्या बॅनकबर्न गावी 1765 च्या सुमारास सुरू झालेली ‘विल्यम विल्सन अँड सन’ ही पेढी या सगळ्या कहाणीचे मध्यवर्ती पात्र आहे, आणि तिच्याविषयी लोकांना सर्वांत कमी ठाऊक असते. गाव हायलँडच्या सीमेच्या अलीकडे, लोलँड या दक्षिणेकडील सखल प्रदेशात. पेढीने सैन्याला कापड पुरवले, हायलँडमध्ये माणसे पाठवून नमुने जमवले, स्वतःही पुष्कळ नवे रचले, आणि 1819 मध्ये आपल्या नमुन्यांची एक वही तयार केली. तिच्यात दोनशेहून अधिक नमुन्यांचे रंग आणि धागे विणकराला थेट वापरता येतील अशा पद्धतीने लिहिले आहेत. दुसरा स्तंभ भरताना पुन्हापुन्हा 1819 हेच वर्ष येते ते यामुळे.

या वहीतील नावे आज दिवसभर वाचली. काही नमुन्यांना केवळ क्रमांक आहेत. काहींना गावांची नावे आहेत: ॲबर्डीन, पर्थ, क्रीफ. काही नावे निव्वळ विक्रीसाठी योजलेली: ‘कॅलेडोनिया’, ‘रॉबिन हूड’, वॉटर्लूनंतर गाजलेला ‘वेलिंग्टन’. पेढीच्या यादीत वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतील मेग मेरिलीज या पात्राचेही नाव एका टार्टनला आहे. कादंबरी खपत होती तोवर कापडही खपणार, हा हिशेब. कुळांची नावे या गर्दीतच बसलेली आहेत, वेगळ्या मानाच्या रांगेत नाहीत. पैठणी पैठणची आणि इरकली इलकलची असते, पण विल्सनचे ‘ॲबर्डीन’ बॅनकबर्नलाच विणले जाई; गिऱ्हाइकाला मागायला सोपे जावे आणि कारकुनाला लिहायला सोपे जावे एवढेच त्या नावाचे काम.

एक नमुना विशेष बारकाईने पाहिला, कारण त्याची नावे एकावर एक चढलेली स्पष्ट दिसतात. आरंभी तो क्रमांकाने ओळखला जाई. किड नावाच्या व्यापाऱ्याने वेस्ट इंडिजमधील मळ्यांवरच्या गुलामांच्या कपड्यांसाठी तो घाऊक घेतला, तेव्हा पेढीत त्याला ‘किड’ म्हणू लागले. त्यानंतर मॅकफर्सन हे नाव त्याला जोडले गेले. गुलामांच्या अंगावरून कुळप्रमुखाच्या अंगावर येताना कापडाचा एक धागाही बदलला नाही. येथे फसवणूक कोणी केली असे मला वाटत नाही. विल्सनच्या दृष्टीने नाव ही मालाची चिठ्ठी होती आणि गिऱ्हाईक बदलले की चिठ्ठी बदलणे हा व्यापारातील नित्याचा व्यवहार होता.

3 मार्च

हायलँड सोसायटी ऑफ लंडनची स्थापना 1778 ची. लष्करी अधिकारी डेव्हिड स्टुअर्ट ऑफ गार्थ यांच्या प्रेरणेने या संस्थेने 1815 मध्ये कुळप्रमुखांना आपापल्या कुळाच्या टार्टनचा तुकडा सही-शिक्क्यासह पाठवण्याची विनंती केली. कुळ आणि टार्टन यांची अधिकृत जोडी लावण्याचा हा पहिला संघटित प्रयत्न, आणि त्याला आलेली उत्तरे म्हणजे या प्रकल्पातील सर्वांत रंजक कागद आहेत.

लॉर्ड मॅकडोनल्ड यांनी कळवले की मॅकडोनल्ड टार्टन नेमके कोणते हे आपल्याला खरोखर माहीत नाही, तरी संस्थेनेच शक्य ते सर्व प्रयत्न करून अस्सल नमुना मिळवावा, म्हणजे त्यावर आपली मुद्रा उमटवून तो प्रमाणित करता येईल. स्ट्रूअनच्या रॉबर्टसन प्रमुखाने कुळातील वृद्धांकडे चौकशी केली, तर प्रत्येकाचे वर्णन निराळे निघाले. बंदी उठून तेव्हा 33 वर्षे झाली होती. बंदीपूर्वीचे दिवस पाहिलेला माणूस सत्तरीच्या पुढचा. स्मरण पुसले गेले होते हे एक स्पष्टीकरण, आणि स्मरणात ठेवण्यासारखे एकच टार्टन मुळात नव्हते हे दुसरे. ग्रँटांच्या चित्रांनंतर माझा कल दुसऱ्याकडे आहे.

ज्यांना नमुना सापडेना त्यांनी तो विल्सनकडून मागवला, शिक्का मारला आणि संस्थेकडे पाठवला. 1819 ची वही तयार होण्यामागेही संस्थेशी चाललेला हा व्यवहार होता. विणकाम करणाऱ्याने पुरवलेले कापड प्रमुखाच्या मुद्रेने अधिकृत झाले आणि मग त्या मुद्रेच्या आधारे विणकाम करणाऱ्याने ते अधिकृत म्हणून विकले, असे हे वर्तुळ आहे. या गटातील कार्डांवर तिसऱ्या स्तंभात वर्षाबरोबर ‘मुद्रांकित’ एवढाच शेरा लिहिला.

10 मार्च

चौथ्या जॉर्जची एडिनबरा भेट, ऑगस्ट 1822. राजा 15 ऑगस्टला लीथ बंदरात उतरला. स्वागताची आखणी वॉल्टर स्कॉट याने स्टुअर्ट ऑफ गार्थ यांच्या साहाय्याने केली होती. राजाच्या स्वतःच्या हायलँड पोशाखाचे बिल 1,354 पौंड 18 शिलिंग झाले. लोलँडमधील घरंदाज मंडळींनाही रातोरात आपले टार्टन हवे झाले आणि मागण्या बॅनकबर्नवर कोसळल्या. नावांच्या दृष्टीने या भेटीने नवे तत्त्व काही आणले नाही. 1815 मध्ये सुरू झालेल्या गोष्टीची घाई मात्र केली.

17 मार्च

छापील पुस्तकांची कार्डे. जेम्स लोगनच्या 1831 च्या ग्रंथात टार्टनांचा तक्ता आहे. त्याने पट्ट्यांची रुंदी धाग्यांत न देता इंचाच्या आठव्या भागांत दिली आहे. विणकराला याचा थेट उपयोग नाही: एका इंचात किती धागे बसवायचे हे ठरल्याशिवाय ते माप मागावर चढत नाही, आणि अर्ध्या अष्टमांशाची रेघ जाड लोकरीत दोन धाग्यांची तर बारीक लोकरीत चारांची होते. लोगनचे आकडे मी दुसऱ्या स्तंभात मूळ मापातच लिहिले. धाग्यांत रूपांतर करून लिहिले असते तर त्यात माझा अंदाज मिसळला असता.

1842 चे ‘वेस्टिॲरिअम स्कॉटिकम’ हे प्रकरण वेगळेच. आपण कलोडनला हरलेला स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याचे नातू आहोत असे सांगणाऱ्या दोन भावांनी ते प्रसिद्ध केले. ते सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवत, मूळ आडनाव ॲलन. सोळाव्या शतकातील, रॉसचे बिशप जॉन लेस्ली यांच्याकडे असलेल्या हस्तलिखितावर पुस्तक आधारले आहे असा त्यांचा दावा होता. त्यात 75 टार्टनांची रंगीत चित्रे आहेत आणि हायलँडच्या कुळांबरोबर लोलँड व सीमाभागातील घराणीही आहेत. जुने म्हटलेले मूळ हस्तलिखित कोणालाही पाहायला मिळाले नाही; दाखवली गेली ती नंतरची म्हटलेली एक प्रत. वॉल्टर स्कॉटने 1829 मध्येच पत्रांतून शंका घेतली होती: लोलँडमधील माणसे कुळाचे टार्टन घालीत हे त्याला मुळीच पटले नाही. 1895 मध्ये त्या प्रतीची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा अक्षरे जुनी दिसावीत म्हणून रसायने वापरल्याच्या खुणा आढळल्या. 1980 मध्ये स्टुअर्ट आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी सर्व पुरावा एकत्र मांडून हस्तलिखित बनावट असल्याचे दाखवले.

तरीही ही टार्टन टिकली. राजाच्या भेटीनंतर मागणी तयार होती, ज्या घराण्यांना काहीच नव्हते त्यांना येथे सचित्र आणि ‘प्राचीन’ असे काही मिळाले, आणि भावांची रंगांची जाण उत्तम होती. या शेवटच्या कारणाला अभ्यासक पुरेसे महत्त्व देत नाहीत असे मला वाटते. त्यांनी रचलेले नमुने विणल्यावर खरोखर शोभतात.

24 मार्च

एक छोटी, पण त्रासदायक गोष्ट. दुकानांत टार्टनच्या नावामागे ‘एन्शंट’, ‘मॉडर्न’ किंवा ‘वेदर्ड’ असे शब्द येतात. ‘मॅकेंझी एन्शंट’ म्हणजे मॅकेंझीचा जुना नमुना असे वाचक समजतो. प्रत्यक्षात धाग्यांची मोजणी तिन्हींत तीच असते. हे शब्द रंगांच्या छटांचे आहेत. गडद रासायनिक छटा ‘मॉडर्न’, वनस्पतीच्या रंगांची आठवण करून देणाऱ्या फिक्या छटा ‘एन्शंट’, आणि मातीत पुरलेल्या कापडासारख्या विटक्या छटा ‘वेदर्ड’. ही वर्गवारी विसाव्या शतकातील गिरण्यांची आहे. विल्सनचे लाल रंग तर कोचिनिअलचे, चांगले भडक असत. त्यांना आज कोणी ‘एन्शंट’ म्हणणार नाही. कार्डांवरच्या नावांतून हे सर्व शब्द काढून टाकले.

31 मार्च

सध्याची अधिकृत नोंदवही. स्कॉटिश संसदेच्या 2008 च्या कायद्यानुसार ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ 5 फेब्रुवारी 2009 रोजी सुरू झाले. त्यात नोंद करताना धाग्यांची मोजणी द्यावी लागते, नमुना आधीच्यांहून वेगळा असावा लागतो आणि अर्जदाराचा त्या नावाशी संबंध दाखवावा लागतो. म्हणजे आता तिन्ही स्तंभ एकाच दिवशी भरले जातात. जुन्या काळात अशी नीटस उदाहरणे थोडी. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी 1853 मध्ये रचलेले करडे ‘बालमोरल’ हे त्यांतले एक.

7 एप्रिल

मॅक्लाउड कुळाच्या दोन शाखांची दोन कार्डे पूर्ण केली. पहिले हॅरिसच्या मॅक्लाउडचे. सरकारी टार्टनवर पिवळी आणि लाल रेघ, म्हणजे पांढऱ्याच्या जागी पिवळा घातलेले मॅकेंझीच. या साम्यामागे एक पदवी आहे. 1778 मध्ये पलटण उभारणारा जॉन मॅकेंझी हा ‘लॉर्ड मॅक्लाउड’ म्हणून ओळखला जाई, आणि त्याच्या पलटणीला ‘मॅक्लाउडचे हायलँडर’ म्हणत, जरी तो कुळाने मॅकेंझी होता. विल्सनच्या कागदांत मॅकेंझी आणि मॅक्लाउड ही दोन्ही नावे एकाच नमुन्याला जोडून येतात. कारकुनाला पलटणीच्या नावाशी कर्तव्य होते, वंशवृक्षाशी नव्हे.

दुसरे कार्ड लुईसच्या मॅक्लाउडचे: पिवळ्या जमिनीवर काळे पट्टे आणि लाल रेघ, दुरूनही डोळ्यांत भरणारे. पहिल्या स्तंभात रेघ मारली. दुसऱ्या स्तंभात 1829, कारण त्या वर्षी सर थॉमस डिक लॉडर यांनी स्कॉटला लिहिलेल्या पत्रात पिवळ्या जमिनीवरच्या तीन काळ्या पट्ट्यांचे वर्णन आहे आणि मॅक्लाउड प्रमुखाला त्याचे रेखाटन मिळाल्याचेही म्हटले आहे; त्याखाली 1842, वेस्टिॲरिअममधील चित्राचे वर्ष. ‘बनावट’ असा शिक्का या कार्डावर मारावा का, यावर बराच विचार केला आणि मारला नाही. बनावट ठरले ते हस्तलिखित. नमुन्याचे रचनाकार आणि त्याचे दशक दोन्ही ज्ञात आहेत, हे हॅरिसच्या कार्डाविषयीही इतक्या खात्रीने म्हणता येत नाही. स्रोताच्या रकान्यात दोघा भावांची नावे ‘रचनाकार’ म्हणून लिहिली आणि वेस्टिॲरिअममधून आलेल्या बाकीच्या कार्डांवरही तोच बदल करायला घेतला.